एसपीडी, मुक्काम पोस्ट मुरुम

मुरुमच्या रस्त्याला कॅमेऱ्याचा खांब दिसला, तर मान वर करू नका. कॅमेऱ्याकडे सगळेच बघतात. खालच्या लोखंडी पेटीत, एमसीबीच्या शेजारी, दोन बोटं रुंदीचे एक गृहस्थ बसलेले असतात. पाळण्यातलं नाव सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, वायरमन मंडळींत नुसता एसपीडी.

एरवी हा ढिम्म. 230 व्होल्ट समोरून जातात, हा ढुंकून बघत नाही. पण वळवाचे ढग चढले आणि शिवारात कुठे वीज पडली, की तिचा झटका किलोमीटरभरावरूनही तारांतून खांबापर्यंत पोहोचतो. माणसांना सावध करायला पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आहे. याला कुणी आगाऊ सांगत नाही आणि लागतही नाही. काही नॅनोसेकंदांत पोटातली झिंक ऑक्साइडची चकती वाट मोकळी करते, झटका जमिनीत जातो, हा पुन्हा ढिम्म. गेलेली लाईट परत येतानाचे धक्के तर तो किरकोळीतच धरतो.

घराणं जपानी. 1960च्या दशकाच्या अखेरीस मात्सुशिता कंपनीत ही चकती जन्मली. म्हणूनच की काय, शिस्तीचा फार! तार आखूड हवी, अर्ध्या मीटरच्या आत. उरलेली तार गुंडाळून मागे कोंबली की बिनसलंच. मोठ्या झटक्यात मीटरभर जादा तारेवर हजारभर व्होल्ट उभे राहतात आणि ते कॅमेऱ्याच्याच डोक्यावर बसतात. अर्थिंगबद्दलही हट्टी. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून सळीपासून सुटते. तेव्हा मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतायलाच हवं. शिवाय नेटवर्क केबलमधून आलेला झटका तो आपला मानत नाही. तिथे धाकटा भाऊ वेगळा बसवावा लागतो.

प्रत्येक झटक्यात हा थोडा झिजतो. छातीवरची हिरवी खिडकी एक दिवस लाल होते. कॅमेरा मात्र चालूच असतो, म्हणून पेटी कुणी उघडत नाही आणि पुढची वीज उघड्या कॅमेऱ्यावर येते. इतक्या इमानी जिवाने मरताना हाकही मारू नये, हे मला सोसत नाही. म्हणून सांगतो, मार्चमध्येच पेटी उघडा. खिडकी लाल दिसली तर वायरमनला बोलवा. मेन बंद करून जुनी कार्ट्रिज उपसायची, नवी खोचायची. बैठक तीच राहते, तारांना हात लावावा लागत नाही.