गाव गेलं, नाव राहिलं

नेदरलँड्सला कधी गेलात आणि विमानतळावरून आम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनाकडे जाणारी गाडी पकडलीत, तर वाटेत एक नाव कानावर येईल: स्लोटरडाइक. खिडकीबाहेर उंच ऑफिसं, हॉटेलं आणि खालून-वरून एकमेकांना ओलांडणारे रूळ. इथे एक छोटं खेडं होतं, हे सांगूनही पटत नाही.

त्याची कुंडली नावातच आहे. ‘डाइक’ म्हणजे बांध. स्लोटन या जुन्या गावाचा बांध, तो स्लोटरडाइक. उत्तरेला ‘आय’ नावाची खाडी होती. तिचं पाणी आत शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर लोकांनी घरं बांधली. सतराव्या शतकात शेजारून आम्स्टरडॅम ते हार्लेम कालवा खोदला गेला. काठावरून चालणारा घोडा दोरीनं नाव ओढायचा, आणि या नावा चक्क वेळापत्रकानुसार सुटायच्या! १८३९ मध्ये देशातली पहिली आगगाडीसुद्धा याच दोन शहरांमध्ये, या गावाजवळून धावली. पुढे १८७०च्या दशकात खाडीचा मोठा भाग आटवून शेतजमीन केली गेली. ज्या पाण्यासाठी बांध घातला, ते पाणीच गावासमोरून गेलं.

१ जानेवारी १९२१ रोजी स्लोटन, आणि त्याबरोबर स्लोटरडाइक, आम्स्टरडॅममध्ये सामील झालं. शहराचा विस्तार त्या दिवशी जवळपास चौपट झाला. मोठ्या माशानं छोटा मासा गिळला, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्याच दिवशी शहरात आलेल्या उत्तरेकडच्या काही गावांना १९१६च्या पुरानं झोडपलं होतं. सावरण्याचा खर्च त्यांना एकट्यानं झेपणारा नव्हता, शहराचा आधार हवाच होता. स्लोटनचं तसं नव्हतं. तिथे गरज शहराला होती: घरांसाठी, बंदरासाठी जमीन.

ती गरज खरीच होती. युद्धानंतर स्लोटनच्या शेतांवर हजारो कुटुंबांना हवेशीर घरं मिळाली, याला मी वाईट कसं म्हणू? मला खटकतं ते एवढंच की स्लोटरडाइकच्या वाट्याला मुख्यतः रूळ, रस्ते आणि ऑफिसं आली, आणि जुनी घरं एकेक करून गेली.

तिथे गाडी बदलायची असेल आणि हाताशी अर्धा तास असेल, तर स्टेशनाबाहेर पडा. थोडंसं चाललात की झाडांमध्ये सतराव्या शतकातलं छोटं चर्च दिसेल. संत पीटरचं. गावाचं म्हणावं असं आता जवळजवळ तेवढंच उरलंय.