ओकामेचे खांब

क्योतो हे लाकडाचं शहर, त्यामुळे आगीनं त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. १४६७ ते १४७७ या दहा वर्षांच्या ओनिन युद्धात तर शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यातून दाइहोओन-जीचं मुख्य मंदिर वाचलं. लोक त्याला सेनबोन शाकादो म्हणतात. १२२७ साली बांधलेलं हे मंदिर जुन्या क्योतोतली आज उभी असलेली सर्वांत जुनी लाकडी वास्तू आहे. तरीही शहरातल्याच सुवर्णमंदिराकडे लोटणाऱ्या गर्दीतलं इथं फारसं कुणी वळत नाही, याची मला खंत वाटते.

आतल्या खांबांवर त्या युद्धातल्या तलवारी-भाल्यांचे घाव आहेत. लाकडात खोल उतरलेल्या त्या खाचा पाहताना साडेपाचशे वर्षं एकदम जवळ येतात.

याच खांबांची एक दंतकथा आहे. प्रमुख सुतार ताकात्सुगु याच्या हातून एक मोलाचा खांब आखूड कापला गेला. तसा दुसरा मिळेना. बायकोनं, ओकामेनं, सुचवलं: उरलेलेही तेवढेच कापा आणि माथ्यावर लाकडी ठोकळ्यांची जोडणी रचून उंची भरून काढा. युक्ती लागू पडली. पण बाईच्या सल्ल्यानं काम तडीस गेलं हे कळलं तर नवऱ्याची अब्रू जाईल, म्हणून आढं चढवण्याआधीच तिनं जीव दिला. क्योतोत आजही घराचं आढं चढवताना ओकामेचा हसरा मुखवटा लावण्याची रीत आहे.

सांगणारे तिच्या त्यागाचे गोडवे गातात. मला ते पटत नाही. पूजा करायचीच, तर तिच्या बुद्धीची करावी. तिचं मरण हा त्या समाजाचा अपराध होता.

मंदिराच्या संग्रहालयात शिल्पकार काइकेईनं घडवलेले बुद्धाचे दहा शिष्य आहेत. सारिपुत्त, आनंद आणि नाभिक कुळातला उपालीही. शेजारी जोकेईनं १२२४ साली घडवलेले सहा कान्नोन, म्हणजे आपले अवलोकितेश्वर. त्यांतल्या अकरा मुखांच्या मूर्तीपुढे मी फार वेळ उभा राहिलो. असाच अकरामुखी अवलोकितेश्वर मुंबईच्या कान्हेरीत, ४१ क्रमांकाच्या लेण्यात आहे. करुणेचं हे रूप इतक्या दूर पोचलं, आणि त्याच आवारात एका शहाण्या बाईला मात्र जगता आलं नाही!

क्योतोला गेलात तर इथं तासभर काढाच. आणि आत शिरल्यावर आधी मान वर करून खांबांचे माथे बघा.