लार्स विल्क्सचा देश

लार्स विल्क्स हे नाव आपल्याकडे २००७ साली पोचलं, ते ‘प्रेषितांचं चित्र काढणारा स्वीडिश व्यंगचित्रकार’ म्हणून. खरं तर व्यंगचित्र हा त्याचा धंदाच नव्हे. १९४६ साली हेलसिंगबोर्गला जन्मलेला हा माणूस लुंड विद्यापीठातून कलेच्या इतिहासात डॉक्टरेट झालेला, पण चित्रकला स्वतःच शिकलेला.

१९८० साली त्यानं दक्षिण स्वीडनमधल्या कुल्लाबेर्गच्या किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं खिळ्यांनी ठोकायला सुरुवात केली. जागा संरक्षित निसर्गक्षेत्राची, परवानगी नाही. सरकारी अधिकाऱ्यांना पत्ता लागला दोन वर्षांनी. तोवर मनोरे उभे राहिले होते. पाडा म्हणून हुकूम निघाला, खटले सुरू झाले. विल्क्सनं त्या लाकडी पसाऱ्याला नाव दिलं नीमिस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘अति’. १९९६ साली तर त्यानं तो किनाराच स्वतंत्र देश म्हणून जाहीर केला. नाव लाडोनिया.

त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट याच लाडोनियाची आहे. २००२ च्या सुमारास तीन हजारांहून जास्त पाकिस्तानी लोकांनी तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केले. तिथे जाऊन राहायचं, म्हणून! त्यांना कळवावं लागलं की बाबांनो, इथे खडक आणि लाकडं आहेत, घर एकही नाही. हसू येतं, पण पुरतं नाही. आखाताच्या व्हिसासाठी एजंटाच्या दारात बसलेली माणसं आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

पुढे पाच वर्षांनी ते चित्र आलं. एका छोट्या प्रदर्शनाचा विषय होता ‘कलेतला कुत्रा’. विल्क्सनं प्रेषितांचं (स.) डोकं कुत्र्याच्या धडावर काढलं. आयोजकांनी ते काढून टाकलं, मग ऑगस्टमध्ये ओरेब्रोच्या ‘नेरिकेस अल्लेहांडा’ या दैनिकानं छापलं. मी ते पाहिलं आहे. चार घाईच्या रेघा. तरी मनाला लागलं, आणि कलाजगताची मर्यादा तपासत होतो हे त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही. सरकारी अधिकाऱ्यांना डिवचणं वेगळं आणि परदेशात नुकत्या स्थिरावलेल्या मजुराला डिवचणं वेगळं. २०१२ साली तो न्यूयॉर्कला उघड इस्लामविरोधी लोकांच्या मंचावर बोलला, तेव्हा तर विनोद उरलाच नव्हता.

पण ओरेब्रोच्या मुसलमानांनी काय केलं? काहीशे लोक त्या दैनिकाच्या कार्यालयाबाहेर जमले, निषेध केला, घरी गेले. ते कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो इराकमधला अल-कायदाचा पुढारी, ज्यानं विल्क्सच्या डोक्यावर एक लाख डॉलर लावले. ओरेब्रोच्या लोकांनी हे त्याच्याकडे मागितलं होतं का?

त्यानंतर विल्क्स पोलिसांच्या पहाऱ्यात जगला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोपनहेगनच्या एका कॅफेत तो चर्चेला आलेला असताना गोळीबार झाला. त्याला शीतखोलीत लपवलं. मेले ते चित्रपट दिग्दर्शक फिन नॉरगोर, आणि त्याच रात्री ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर पहारा देणारे डॅन उझान. त्या दोघांनी तर कुठलंही चित्र काढलं नव्हतं.

३ ऑक्टोबर २०२१ ला स्वीडनमध्ये मार्करीडजवळ त्याची गाडी समोरच्या ट्रकवर आदळून पेटली. घातपाताचा पुरावा मिळाला नाही. आमच्या एका ग्रुपवर लगेच ‘अल्लाहचा न्याय’ असा मेसेज आला, त्यावर हात जोडलेले आणि टाळ्यांचे इमोजी. मी विचारलं, गाडीत त्याच्यासोबत दोन पोलीसही गेले, त्यांचा गुन्हा काय? उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी लग्नाची पत्रिका टाकली.

नीमिस अजून उभं आहे. झाडांवर रंगवलेली पिवळी ‘एन’ अक्षरं बघत लोक जंगलातून तिथवर उतरतात.