शेजारची सीट

आमच्या परड्यात, गोठ्याला लागून पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये एक तांबडी गाडी उभी असते. बसायला दोनच सीटा, वर टप नाही, दारं नाहीत. पाय उचलून आत टाकायचा आणि मग खाली सरकायचं. साडी नेसून हे करायचं म्हणजे काय, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

ही गाडी कुठल्या कंपनीची नाही. आमच्या ह्यांनी आणि मुलानं सहा वर्षं रविवार मोडून ती घरी बांधली. हे बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काम करत आले. चौकोनी पाईप कापले, जोडले, त्याची चॅसी झाली. भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं इंजिन सीटांच्या मागं बसवलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ हॉर्सपॉवर. हे आकडे मला पाठ आहेत, कारण सहा वर्षं जेवताना दुसरं बोलणंच नव्हतं. गाडीला आरसी बुक नाही, म्हणून ती रस्त्यावर जात नाही. आमच्या शेतातली वाट, तेवढंच तिचं गाव.

दिवाळीत मुलानं विषय काढला. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून मी घाई करत होते, आणि हा पानावर बसून म्हणाला, "आई, इंजिन बदलूया म्हणतोय. एस्टीमचं मिळतंय एकाकडं. १२९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स धरून साठ हजार."

हे म्हणाले, "आहे ते काय वाईट आहे?"

"बाबा, दिसायला स्पोर्ट्स कार आणि पळायला मारुती! लोक हसतात की."

बाप-लेकाचं आठ दिवस असंच चाललं. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. पैसे माझे होते ना! वीस वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले. मला मनातून सरळ "नको" म्हणायचं होतं. पण का नको, ते सांगता येत नव्हतं. भीती वाटते म्हटलं की पोरं हसतात, आणि पैसे नाहीत म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

माझं माहेर इचलकरंजीचं. तिथं घरी बांधलेल्या गाडीचं कुणाला नवल वाटत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या शंकरराव कुलकर्णींनी तिथं ‘मीरा’ नावाची छोटी मोटार तयार केली होती. पहिलं मॉडेल १९४९ चं. नंतर पंचवीसेक वर्षं ते एकामागून एक मॉडेल सुधारत राहिले. १९७५ च्या सुमाराला गाडीची किंमत बारा हजारांच्या घरात बसत होती. कारखाना मात्र उभा राहिला नाही, आणि मीरा बाजारात आलीच नाही. आमचे वडील मागावर काम करायचे, पण मीराचं बोलणं निघालं की माग बंद पडल्यासारखे गप्प बसून ऐकायचे.

मुलानं हेच माझ्यावर उलटवलं. "बघ, कुलकर्णींनीसुद्धा इंजिन बदललंच की! आधी हवेवर थंड होणारं होतं, शेवटी पाण्यावरचं केलं."

हे शांतपणे म्हणाले, "बदललं. पण त्यांनी प्रत्येक वेळी गाडीच नवी केली. तू जुन्या चॅसीत नवं इंजिन कोंबतोयस."

ते ऐकलं आणि मला माझं शिलाई मशीन आठवलं. लग्नानंतर काही वर्षांनी पायाच्या मशीनला मी मोटर लावून घेतली. मोटर नवी, जोरकस. स्टँड मात्र जुना, डगमगणारा. पहिल्याच आठवड्यात सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मोटर चांगलीच होती. थांबवायची सवय माझ्या पायाला नव्हती आणि मशीनला नीट बूड नव्हतं. नंतर स्टँड बदलला, पाय हळूहळू शिकला, आणि त्याच मोटरवर मी वीस वर्षं शिवलं.

मी मुलाला म्हटलं, "पैसे देते की नाही ते नंतर सांगते. आधी मला गाडीत बसव."

दोघंही गप्प झाले. गाडीत दोन सीटा आहेत, त्यातली एक शेजारची, पण शेजारी बसणाऱ्या माणसाला सहा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी वाटेवर रांगोळीची आडवी रेघ ओढली. तिथं पोचलं की ब्रेक दाबायचा. डोक्याला पदर घट्ट बांधून मी आत सरकले. पहिल्यांदा चाळीसच्या वेगानं. रेघेपासून गाडी थांबली तिथपर्यंत मी पावलं मोजली, सोळा भरली. मग साठच्या वेगानं. ह्या वेळी गाडी डावीकडं ओढली गेली, उसाच्या सरीला घासत उभी राहिली. सदतीस पावलं!

"वेग दीडपट केला तर पावलं दुपटीच्या वर कशी?" मी विचारलं.

हे म्हणाले, "वेगाचा वर्ग होतो. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट जागा लागते."

मुलगा काही बोलला नाही. त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. तोही घाबरला होता, आणि मला ते बघून बरं वाटलं, हे खरं सांगते.

तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरायला आलं. सांबऱ्यात राहणाऱ्याला विमानाचं काय कौतुक? पण त्या दिवशी मी वर बघितलं. मोठी विमानं यावीत म्हणून इथली धावपट्टी १,८३० मीटरची २,३०० मीटर केली. त्यासाठी शेतं गेली, माणसं हळहळली. पण आधी धावपट्टी वाढवली, मग मोठी विमानं आली. उलटं केलं असतं तर?

संध्याकाळी मुलानंच वही काढली. आमची गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर ५२० किलो भरलेली. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची. म्हणजे तेच इंजिन आमच्या गाडीत आधीच जास्त चपळ आहे. ८५ हॉर्सपॉवर घातली तर एका टनामागची ताकद आताच्या दुपटीवर जाते. मग ब्रेक बदला, रेडिएटर मोठा करा, माउंटिंग नवी, मागच्या पाईपांना आडवे आधार, टायर रुंद. साठ हजारांची यादी सव्वा लाखावर गेली. परिमाण हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून कानावर असतो. त्या दिवशी तो वहीत आकड्यांनी लिहिलेला दिसला.

मी पंचवीस हजार दिले. पुढच्या चाकांना डिस्क, ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर, चॅसीला चार आडवे पाईप. इंजिन यंदा आहे तेच. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ह्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण मुलाची बाजू न घेतल्याचं बापाला नेहमीच नंतर वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी मी बटणं लावत बसले होते. तो येऊन उंबऱ्यावर टेकला.

"डिस्क बसवल्या की परत बसशील?"

"बसेन की."

"आणि सोळाच्या आत थांबली तर?"

"चाळीसला नाही. साठला सोळाच्या आत थांबव, मग इंजिनाचं बोलू."

"साठला सोळा? नाही जमायचं ते, आई. फार तर पंचवीस."

"बरं, पंचवीस. पण रेघ मी ओढणार, आणि पावलंही माझीच."