'एच'कडे सरकलेला काटा

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवतो. मे महिन्यात ताईला आणायला आम्ही शमशाबाद विमानतळाकडे निघालो. तापमानाचा काटा 'एच'कडे सरकताना मी पाहिला, पण गप्प बसलो. सांगितलं तर गाडी पुन्हा हातात मिळायची नाही, ही भीती.

मेहदीपट्टणमच्या ट्रॅफिकमध्ये बाबा म्हणाले, "एसी गार का लागत नाही रे?" मग सांगावंच लागलं.

बाजूला घ्यायला जागा नव्हती. "एसी बंद, काचा खाली, हीटर फुल लाव."

मे महिन्यात हीटर! पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. घामाने निथळत पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेवर चढलो, वारा लागला आणि काटा उतरला.

"धावताना उतरतो, थांबलं की चढतो. म्हणजे दुखणं पंख्याचं," बाबा म्हणाले.

आरामघरला मेकॅनिक भेटला. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच तो ओरडला, "नक्को! उबलता पानी है!"

पंख्याचा फ्यूज उडाला होता. नवा घातला, पंखा घरघरला.

"काटा कधीपासून दिसत होता?" बाबांनी विचारलं.

"नानलनगरपासून."

ते काहीच बोलले नाहीत. किल्ली मात्र मागितली नाही.