चाळणीवर उरतं ते

उन्हाळ्यात पाणी उतरून तळ्यातला संध्यामठ उघडा पडला, की मी रंकाळा तलावात उतरतो. अर्ध्या मिलिमीटरची चाळणी, पांढरा ट्रे, चिमटा, एवढीच हत्यारं. घमेलंभर गाळ उपसायचा आणि चाळणी पाण्यातच हलक्या हातानं हलवायची. जोर केला की अळ्या तुटतात. उरलेलं ट्रेमध्ये घेऊन दोन मिनिटं गप्प बसायचं. मग चिखलाचे कण चालायला लागतात.

तळ्याची तब्येत जोखताना सुरुवातीला माझा विश्वास पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीवर होता. एकदा भर दुपारी घेतलेल्या पाण्यात प्राणवायू भरपूर निघाला. मी खूश. त्याच जागचा गाळ चाळला, तर निव्वळ लाल किडे आणि रिकामे शिंपले. मग पहाटे अंधारात जाऊन पुन्हा मोजलं, तेव्हा प्राणवायू पार उतरलेला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. बाटलीत दुपार तेवढी भरली होती. तळाशी राहणाऱ्याला मात्र रात्रही तिथंच काढावी लागते.

मत्स्यालयवाले ज्यांना ट्युबिफेक्स म्हणतात, ते हे लाल किडे. डोकं गाळात खुपसतात, शेपूट वर पाण्यात डोलवत ठेवतात. अंगात हिमोग्लोबिन, म्हणून नावापुरत्या प्राणवायूवरही तगतात. खालचा गाळ खाऊन वर टाकतात, म्हणजे तळाची नांगरटच. त्यांना नावं ठेवू नयेत. ते एकटेच उरले, तर मात्र काळजी करावी. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी अशा प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत १९०९ मध्येच मांडली होती.

माझा खरा जीव शिंपल्यांवर. पाणी आत ओढायचं, त्यातलं शेवाळ गाळून खायचं, पाणी बाहेर सोडायचं, हे त्यांचं अखंड चालू असतं. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. मासे मेले की नवी पिढी थांबते, पण म्हातारे शिंपले पुढं कैक वर्षं जगतात. म्हणून शिंपला सापडला यावर मी समाधान मानत नाही. नखाएवढा सापडेपर्यंत चाळत राहतो.

तळ्यातला गाळ काढायचा तर जरूर काढा. पण एकाच उन्हाळ्यात सगळा तळ खरवडू नका. निम्मा राखा, तिथूनच उरलेल्या तळात पुन्हा वस्ती होते. आणि यंत्र उतरवण्याआधी एक घमेलं गाळ चाळून बघा.