उजव्या हाताचं देणं

आमच्या पिढीला पुण्यात सायकल कुणी शिकवली नाही. आधी दांडीखालून पाय घालून कैची, मग दांडीवर, उंची वाढली की सीटवर. थांबायचं कसं, ही तर शिकायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील, एवढं एकच ज्ञान घरोघरी होतं. त्यामुळे माझ्या २४ इंची सायकलच्या पुढच्या ब्रेकचे रबर अगदी कोरे राहिले होते, आणि त्याचा मला अभिमानही होता.

पेठेत एका मामांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने देणं, पंक्चर, चाकाचा आउट काढणं. मामा पाना डाव्या हाताने चालवत. ते डावखुरे आहेत असं मी धरून चाललो होतो.

कॉलेजात असताना एका पावसाळ्यात सासवडहून परतताना दिवे घाटाच्या उतारावर वळण आलं तेव्हा मी मागचा ब्रेक दाबला. लोखंडी रिम ओली असली की पहिले काही फेरे ब्रेकचे रबर नुसतं पाणी पुसतात, पकड नंतर येते. ती आली तेव्हा मी वळणात होतो. मागचं चाक जाम झालं, बाजूला सरकलं आणि मी उजव्या तळव्यावर पडलो. फोर्क वाकला. एका टेम्पोवाल्याने सायकलीसकट मला शहरात आणलं. घरी जायचं धैर्य नव्हतं, म्हणून दुकानाशी उतरलो.

मामांनी सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही. मला नळाखाली उभं केलं आणि साबणाने तळवा धुवायला लावला. शेजारच्या आजी हळद घेऊन आल्या, तर म्हणाले, "थांबा हो, आधी खडी निघू दे. आत राहिली तर वरून कातडी धरेल आणि निळा डाग जन्मभर राहील." कापडाने एकेक कण काढला. मी ओरडत होतो, ते काढत होते. मग धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला बजावलं. आणि जाता जाता अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जिथे अंगठा ताणला की खळगा पडतो, तिथे बोट दाबलं. मी कळवळलो.

"फोटो काढ," म्हणाले. एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. मुका मार असेल, असं ठरलं. मामांना ते पटलं नाही. "दहा-बारा दिवसांनी परत काढ. तिथलं हाड पहिल्या फोटोत लपतं." रोज दुकानासमोरून जाताना विचारायचे, "दुखतंय का अजून?" शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळूनच मी गेलो. या वेळी बारीक चीर दिसली. अंगठ्यासकट प्लास्टर पडलं. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, ते सावकाश जुळतं, आणि दुर्लक्ष केलं तर कधी जुळतही नाही, हे मला डॉक्टरांकडून कळलं.

मामांना कसं ठाऊक, हे विचारल्यावर त्यांनी आपलं उजवं मनगट पुढे केलं. वाकवलं, तर अर्ध्यावरच अडलं. तरुणपणी पडले होते. लचक समजून तेल चोळत राहिले होते. डावखुरेपणाचा उलगडा मला तेव्हा झाला.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. ब्रेक लावला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, म्हणून ते घसरतं. कोरड्या रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. ही आकडेमोड मी पुढे पुस्तकात वाचली. मामांनी ती हाताला शिकवली. उजवा, म्हणजे पुढचा ब्रेक हळूहळू आवळायचा, ढुंगण मागे सरकवायचं, कोपरं सैल. खडी, वाळू, गटाराचं ओलं झाकण दिसलं की पुढचा सोडायचा. आणि वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात नाही. "मुंबई-पुणे शर्यतीत घाट कोण पहिला चढला ते सगळे सांगतात," ते म्हणायचे, "उतरायचं कसं ते कोणी सांगत नाही."

पुढे मी ड्राफ्ट्समन झालो. उजव्या हाताने रेघा ओढून घर चालवलं. पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन दुकानात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मामांनी पेढा तोंडात टाकला, खाली बसून पुढच्या ब्रेकचे रबर नखाने तपासले आणि म्हणाले, "झिजलेत. आता बरोबर झिजलेत." नवे बसवले, आणि त्याचे पैसे चोख मोजून घेतले.